शिट्टीसरांची प्रॅक्टिस

धाकटीने आधी "एक्स्क्यूज मी" म्हणून पाहिलं. मग "सर". मग "अहो सर". शेवटी नुसतंच "अहो" — तेव्हा कोर्टावरच्या मुली एकमेकींच्या पाठीआड तोंड लपवून हसायला लागल्या. पण ज्यांच्यासाठी हे घसा फोडणं चाललं होतं ते सर तिच्याकडे पाठ करून उभे होते ते उभेच. गळ्यात शिट्टी, बगलेत बॉल, आणि मान काही वळायला तयार नाही.

काय हा माज, धाकटी मनात म्हणाली.

तिचं कामच अडलं होतं. ती एका कानाच्या डॉक्टरांकडे नोकरीला होती. लोकांचे कान तपासायचे आणि कुणाला किती ऐकू येतं त्याचा आलेख काढायचा, हे तिचं काम. मोठी बहीण त्याच दवाखान्यात नर्स, म्हणून डॉक्टरांपासून वॉचमनपर्यंत सगळे एकीला थोरली आणि दुसरीला धाकटी म्हणत. आज ती या शाळेतल्या मुलांचे कान तपासायला आली होती. शाळेने मोठ्या कौतुकाने तिला 'सगळ्यात शांत खोली' दिली होती, ती नेमकी खेळाच्या हॉलला लागून. हॉलमध्ये मुलींच्या बास्केटबॉल टीमची सकाळची जादा प्रॅक्टिस चाललेली. पलीकडे धप्प झालं की अलीकडे हेडफोन घातलेलं पोर आवाज आला समजून बटण दाबायचं. त्या आलेखांवर विश्वास ठेवायचा तर शाळेतल्या प्रत्येक पोराला मुंगीची पावलं ऐकू येत होती.

शेवटी ती कोर्टाला वळसा घालून सरांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. ते एकदम हसले. चेहरा इतका मोकळा, की तिचा राग जरा गडबडला.

"बोला ना," ते म्हणाले. आणि तिच्या डोळ्यांकडे न बघता सरळ तिच्या ओठांकडे बघत राहिले.

असं बघण्याचे दोन अर्थ असतात. पहिला मनात आला तेव्हा धाकटीचे गाल तापले. दुसरा आठवला तेव्हा ते तसेच गार पडले. तो दुसरा अर्थ ती रोज दवाखान्यात बघत होती.

तिने मान जरा वळवली, खिडकीकडे बघत हळूच म्हणाली, "तुमच्या बुटाची नाडी सुटली आहे."

"हो हो, नक्की," सर म्हणाले, आणि खाली पाहिलंसुद्धा नाही.

मग तिने त्यांच्याकडे तोंड केलं, सावकाश बोलली, आणि त्यांनी लगेच शिट्टी फुंकून बॉल थांबवले. शिट्टी इतक्या जोरात, की सगळ्या मुलींनी सवयीने आधीच कानांवर हात ठेवले होते. जाताना धाकटी म्हणाली, "एकदा दवाखान्यात या."

हसू मावळलं. "कशाला? मला काही झालेलं नाही."

"नाडी बांधा," ती म्हणाली. या वेळी समोर बघून.

---

ते आले. लगेच नाही, बऱ्याच दिवसांनी, दवाखाना बंद व्हायच्या वेळेला. थोरलीने आत येऊन सांगितलं, "धाकटे, तुझे ते माजोरडे सर आलेत. माज वगैरे काही दिसत नाही बाई. खुर्चीच्या कडेवर बसलेत."

मुली त्यांना शिट्टीसर म्हणायच्या. ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि संध्याकाळी चौदा वर्षांखालच्या मुलींची टीम सांभाळायचे. धाकटीने त्यांना साउंडप्रूफ खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि काचेबाहेर मशीनपाशी येऊन बसली. "आवाज आला की हात वर करा."

जाड आवाजांना हात पटापट वर गेला. मग आवाज बारीक होत गेले. सरांनी डोळे मिटून घेतले, कपाळाला आठी घातली. धाकटी बटण दाबत राहिली आणि त्यांचा हात गुडघ्यावर तसाच राहिला. काचेपलीकडे तो माणूस जिवाचा कान करून ऐकत होता, आणि त्याच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. हे ती रोज बघायची. आज तिने मध्येच नजर खाली वळवली.

मग ती आत गेली, दार लावून घेतलं आणि आलेख समजावून सांगितला. बारीक आवाज आधी जातात. स, च, त, क असली अक्षरं गळतात. मुलींचे आवाज तर सगळ्यात आधी.

"किती स्पष्ट बोलता तुम्ही," ते मध्येच म्हणाले.

"मी नाही. ही खोली चांगली आहे. बाहेरचा एकही आवाज आत येत नाही."

त्यांनी आलेखाची उतरती रेघ बोटाने गिरवली. मग म्हणाले, "माझ्या वडिलांनाही असंच झालं. हळूहळू. पुढे जवळजवळ सगळंच गेलं." थोड्या वेळाने म्हणाले, "भूगोलाला कान लागत नाहीत हो. नद्या आपल्या आपण वाहतात. पण टीम माझ्याकडून काढून घेतील. आणि खरं सांगू, घ्यायलाच हवी. आम्ही सगळ्या मॅच हरतो. मुली काय म्हणतात ते मला कळत नाही, मी काय म्हणतो ते त्यांना."

दार उघडून ते बाहेर आले. बाहेर पंखा, फोन, रस्त्यावरचे हॉर्न. धाकटीने विचारलं, "चहा घेणार?"

"दहा? नाही हो, सहालाच सुरू होते प्रॅक्टिस."

धाकटीला हसू आवरेना. सरांना आपलं काय झालं ते कळायला क्षणभर लागलं, आणि मग तेही हसले — आधी लाजून, मग अगदी पोट धरून. "घरी या गोष्टीवरून भांडणं होतात," ते डोळे पुसत म्हणाले. "यावर कुणाला हसलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं."

---

टीम वाचवायची तर आधी प्रॅक्टिस बघायला हवी, असं म्हणून धाकटी दुसऱ्याच संध्याकाळी हॉलच्या पायरीवर येऊन बसली. बास्केटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण बघता येत होतं.

सर खूप बोलायचे. मुली एका लांबलचक रांगेत उभ्या. एकीने बॉल रिंगमध्ये टाकायचा आणि बाकीच्यांनी वेणीशी खेळत आपली पाळी यायची वाट बघायची. सर्वांत लहान होती ती टिकली. तिने विचारलं, "सर, पाणी पिऊन येऊ?" सरांनी मान डोलावली. मग सगळ्यांत उंच जिराफने विचारलं, "सर, मी पण?" मान डोलली. मग कुणीतरी म्हणालं, "सर, घरी जाऊ?" तरी मान डोललीच. मुली खुदखुदल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण धाकटीला ते टोचलं.

नंतर शाळेच्या कॅन्टीनमध्ये ते दोघं समोरासमोर बसले. ती म्हणाली, "राग येणार नसेल तर एक विचारू? तुम्ही इतकं का बोलता?"

"कोच आहे मी."

"नाही. बोलत राहिलं की तेवढा वेळ दुसऱ्याचं ऐकावं लागत नाही. माझे सगळे पेशंट असंच करतात."

सर तिच्याकडे बघत राहिले. राग आला नाही. उलट कुणीतरी खांद्यावरचं ओझं उतरवून घ्यावं तसा चेहरा झाला.

"मग काय करू?"

"मला काय विचारता, मला बॉलमध्ये हवा कुठून भरतात तेही माहीत नाही. तुम्ही सांगा. त्यांना काय यायला हवं?"

त्या टेबलावर मीठदाणी म्हणजे जिराफ, टूथपिकची डबी म्हणजे टिकली आणि पाण्याचे ग्लास म्हणजे समोरची टीम, असा त्यांचा खेळ सुरू झाला. सर एकेक गोष्ट मांडायचे आणि धाकटी विचारायची, "यात किती जणी नुसत्या उभ्या आहेत?" उभ्या दिसल्या की ती गोष्ट बाद. रांग गेली. दोघींत एक बॉल आला. जे सांगायचं ते आधी भूगोलाच्या शांत वर्गात, फळ्यावर, थोडक्यात. आणि एका दिवशी एकच गोष्ट. आज फक्त पास, उद्या फक्त अडवणं. हॉलमध्ये गेल्यावर बोलणं बंद, नुसत्या हाताच्या खुणा. एक प्रकार कंटाळवाणा व्हायच्या आत दुसरा. मग तीन विरुद्ध तीन, लहान लहान सामने, म्हणजे प्रत्येकीच्या हातात बॉल सारखा येत राहणार. शेवटी मोकळा खेळ. आणि घरी जायच्या आधी सगळ्यांनी अर्धगोल करून सरांसमोर बसायचं आणि एकेकीने सांगायचं, आज काय जमलं, काय नाही. समोर बघून, सावकाश.

हे शेवटचं सरांनीच सुचवलं. म्हणाले, "मला ऐकायचं आहे त्यांचं. मला वाटायचं ते आता व्हायचं नाही."

मुलींना काय बदललं ते कळलं नाही, पण घामाघूम होऊन घरी जायला लागल्या. टिकली अर्धगोलात पहिल्यांदा बोलली तेव्हा तिने सांगितलं, की तिला बॉल अंगावर आला की भीती वाटते, आणि हे ती वर्षभर सांगत होती. सरांनी तिच्यासमोर गुडघे टेकून "पुन्हा सांग" म्हटलं. तिने पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवसाची सगळी प्रॅक्टिस मग बॉलची भीती घालवण्यावरच झाली.

पुढची मॅच ते हरले, पण थोडक्यात. त्याच्या पुढची जिंकले.

कॅन्टीनमधली बैठक मात्र लांबत गेली. प्रॅक्टिस ठरवून व्हायची, चहा गार व्हायचा, आणि कुणी उठायचं नाही. एकदा धाकटी बोलता बोलता थांबली.

"तुम्ही माझ्या ओठांकडे बघताय."

"कामासाठी बघावं लागतं."

"पण आत्ता मी काही बोलतच नाहीये."

सरांनी टूथपिकची डबी उचलली, पुन्हा ठेवली. "आत्ता... कामाची वेळ संपली."

त्या रात्री थोरलीने धाकटीला भाजीत मीठ घालताना पाहिलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा घालताना पाहिलं. मग तिने स्वतःसाठी दही काढून घेतलं.

---

एका संध्याकाळी पाऊस असा कोसळला, की हॉलच्या पत्र्यावर दगड ओतल्यासारखा आवाज सुरू झाला. कुणाला कुणाचं ऐकू येईना. मुली बावरून सरांकडे बघायला लागल्या. सर मात्र कोर्टाच्या मध्यावर उभे राहून वर पत्र्याकडे बघत हसत होते.

त्यांनी हात वर केला आणि प्रॅक्टिस सुरू झाली. एकही शब्द नाही. हात, मान, डोळे. मुली वाऱ्यासारख्या धावत होत्या, एकमेकींकडे बघत होत्या — खरोखर बघत होत्या — आणि बॉल या हातातून त्या हातात न सांगता जात होता. धाकटी पायरीवरून उठून उभी राहिली. इतकं देखणं तिने काही पाहिलं नव्हतं, आणि त्यात सगळ्यांत देखणं कोण ते तिने स्वतःशी कबूल करून टाकलं.

मुली गेल्यावर दोघं दाराशी पाऊस बघत थांबले. सरांनी खिशातून पेन काढून हातावर लिहिलं आणि तिच्यापुढे धरलं. "पावसात सगळेच माझ्यासारखे होतात."

तिने पेन घेतलं. त्यांच्या तळहातावर, त्या अक्षरांच्या खाली लिहिलं, "तुला आवडतं?"

ते 'तुला' त्यांनी बराच वेळ वाचलं. मग मूठ मिटून घेतली, पुसलं जाऊ नये अशी.

त्या दिवसापासून 'तुम्ही' संपलं. त्याने कानांत मशीनं घालायला सुरुवात केली, तीही तिने स्वतः बसवलेली. शांत जागेत फरक पडायचा. हॉलमध्ये मात्र प्रत्येक बॉल डोक्यात आपटल्यासारखा व्हायचा, म्हणून तिथे तो ती काढून ठेवायचा. आणि दर महिन्याला धाकटी आलेख काढायची. रेघ खाली सरकत होती. तिला वाटलं होतं त्याहून भरभर.

---

त्याच्या वडिलांचं मशीन बिघडलं म्हणून धाकटी एका रविवारी त्याच्या घरी गेली. घर लहान, नीटनेटकं. वडील खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसलेले. त्यांनी तिच्याकडे बघून हात जोडले आणि पुन्हा वर्तमानपत्रात गेले. त्याची आई बोलायला लागली तेव्हा धाकटी दचकली, कारण त्या ओरडूनच बोलत होत्या.

"घाबरू नकोस, बाळ," त्या आवाज कमी करून म्हणाल्या. "सवय झालीय. बाजारात लोकांना वाटतं, बाई भांडखोर आहे."

तो खाली दुकानात गेला होता. आईने चहा पुढे केला आणि त्या तिच्याजवळ बसल्या. त्यांना सगळं कळलं होतं, हे त्यांनी बोलण्याआधीच दिसत होतं.

"तुला बरं वाटावं म्हणून काही सांगणार नाही मी," त्या म्हणाल्या. "तू याच कामातली आहेस, तुला फसवण्यात अर्थ नाही. हे माणूस म्हणून सोनं आहेत. आजही आहेत. पण मी दमले. माया आटत नाही गं, बोलणं आटतं. सगळ्यात आधी गमती जातात. गंमत ओरडून नाही सांगता येत. आणि दुसऱ्यांदा सांगितली की ती गंमत राहत नाही. मग तक्रारी जातात, कोण एवढा घसा ताणणार? शेवटी 'जेवायला चला' एवढंच उरतं."

खिडकीशी वडिलांनी पान उलटलं.

"तरुणपणी हे मला इतकं हसवायचे," आई म्हणाल्या, आणि तिथेच थांबून त्यांनी रिकामा कप उचलला.

परतीच्या वाटेवर त्याने विचारलं, "आई काय म्हणाली?"

"मशीन दुरुस्त झालं म्हणून खूश होत्या," धाकटी म्हणाली. रस्त्यावर गर्दी होती, दिवे लागायचे होते, आणि तिने तोंड दुसरीकडे केलेलं होतं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

---

टिकली पडली ती पुढच्या मॅचच्या आदल्या आठवड्यात. एका बाजूला तिघी वेगाने पळत बॉल नेत होत्या, सर त्यांच्यावर नजर ठेवून होते. सरांच्या पाठीमागे दुसऱ्या गटातली टिकली घसरून हातावर पडली. ती ओरडली, "सर, थांबा." मग सगळ्याच ओरडल्या. पण पळणाऱ्या पोरी वेगात होत्या, वळून त्याच बाजूला येत होत्या, आणि थांबवणारी शिट्टी वाजलीच नाही. जिराफचा पाय टिकलीच्या मनगटावर पडला. सरांना कळलं ते पुढच्या मुलीचा चेहरा बघून.

हाड मोडलं होतं. धाकटी त्या दिवशी कामावर अडकली होती. टिकलीला प्लॅस्टर घालायला आणलं ते धाकटीच्याच दवाखान्याच्या शेजारच्या इमारतीत. ती धावत गेली तेव्हा टिकली आईच्या कुशीत हुंदके देत होती, आणि तो बाकावर हात मांडीवर ठेवून बसला होता.

"ती म्हणतेय तुमची चूक नाही, सर," टिकलीची आई त्याला सांगत होती. तो आईच्या ओठांकडे बघत होता, आणि धाकटीला दिसलं, की त्याला कळलंय सगळं, पण पटलेलं नाही.

सकाळी त्याने मुख्याध्यापिकांना जाऊन स्वतःच सगळं सांगितलं. कानांचं, लपवल्याचं, न ऐकलेल्या हाकांचं. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, मदतीला कुणी घ्या, तुमच्यासारखी प्रॅक्टिस कुणी घेत नाही. त्याने नकाराची मान हलवली. "कुणी मला हाक मारतं आणि मी तिकडे पाठ करून उभा असतो. हे एकदा झालं. दुसऱ्यांदा मला चालणार नाही."

टीम खेळाच्या बाईंकडे गेली. त्या व्हॉलीबॉलवाल्या, म्हणून प्रॅक्टिस कशी चालते ते दाखवायला धाकटी रोज संध्याकाळी जाऊ लागली. तो आला नाही.

तो आला दवाखान्यात. संध्याकाळी, पेशंट संपल्यावर. म्हणाला, "त्या खोलीत बसूया?"

दोघं साउंडप्रूफ खोलीत गेले. धाकटीने दार लावलं. एकदम इतकी शांतता झाली, की स्वतःचा श्वास ऐकू यावा.

"एक नोकरी आहे," तो म्हणाला. "लांब. ऐकू न येणाऱ्या मुलांची निवासी शाळा. भूगोल आणि खेळ. तिथे सगळे हातांनी बोलतात, मला शिकवतील म्हणाले. तिथे मी बहिरा नसेन. नुसता मास्तर असेन."

"चांगलं आहे," धाकटी म्हणाली. शेवटचं अक्षर जरा ओढलं गेलं, आणि या खोलीत तेही ऐकू येत होतं.

"आता दुसरं. या खोलीत राहता आलं असतं ना, तर मी तुला केव्हाच विचारलं असतं. माझं तुझ्यावर प्रेम आहे. पण ही खोली सोडून बाहेर पडावं लागणार. आणि बाहेर... आमचं घर तू पाहिलंस. आई तुझ्याशी काय बोलली तेही मला माहीत आहे. तिने मलाही तेच सांगितलंय." तो तिच्याकडे बघत होता. ओठांकडे नाही, पूर्ण चेहऱ्याकडे. "येशील? जमेल तुला?"

किती सोपं उत्तर होतं. एका अक्षराचं. धाकटीला ते द्यायचंही होतं. पण त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे खिडकीशी पान उलटणारा माणूस आला, आणि 'इतकं हसवायचे' म्हणून थांबलेली ती बाई आली. चहा आणि दहा, तळहातावरची अक्षरं, कॅन्टीनमधली मीठदाणी — हे सगळं एकेक करून आटत जाताना तिला दिसलं. ती गप्प राहिली. फार नाही. एक श्वास आत घेऊन सोडायला लागतो तेवढंच.

मग म्हणाली, "हो. जमेल मला."

तो हसला. अगदी प्रेमाने हसला. "तोंडाने आत्ता म्हणालीस. चेहरा आधीच बोलून गेला."

"तसं नाही—"

"चेहरे वाचूनच जगतोय मी, धाकटे. त्यात नेमका तुझा चुकेल?"

तिने त्याचा हात धरला. तो त्याने सोडवून घेतला नाही. ते तसेच बसून राहिले, थोरलीने काचेवर टकटक करून दिवे घालवायची खूण करेपर्यंत.

---

तो निघाला त्या सकाळी आकाश भरून आलं होतं आणि बारीक भुरभुर चालू होती. बसस्टँडवर ही गर्दी. कंडक्टर ओरडत होते, हमाल ओरडत होते, कुणाचं तरी मूल रडत होतं. बस उभी होती, सुटायला अजून वेळ होता. दोघं एका खांबाला टेकून उभे राहिले. थोडा वेळ ती बोलली, तो ओठ वाचत राहिला. पोचल्यावर कळव. जेवणाचे हाल करू नकोस. मशीनच्या बॅटऱ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहेत.

मग तो म्हणाला, "एक मागू? काहीतरी बोल. भरपूर बोल. मी डोळे मिटतो."

"मग तुला काही कळणार नाही."

"शब्द नकोत. रोज शब्दांच्या मागे धावताना तुझा आवाज ऐकायचा राहूनच जातो. तो आहे अजून थोडा. तेवढा ऐकू दे."

त्याने मशीनं चढवली आणि डोळे मिटले. धाकटी त्याच्या कानाजवळ सरकली. काय बोलावं ते सुचेना, म्हणून तिने संध्याकाळची प्रॅक्टिस सांगायला सुरुवात केली.

"आज आधी दोघी-दोघींत पास. चालता चालता, मग पळता पळता. टिकलीचा हात प्लॅस्टरमध्ये आहे, तर तिला खुणा करायला मध्ये उभी करणार आहे. जिराफ आली नाही दोन दिवस, तिला वाटतं तिच्यामुळे झालं. तिच्या घरी जाऊन आले मी, आज येईल. मग तीन विरुद्ध तीन. मग अर्धगोल. त्या विचारतील, सर कधी येणार. मी काय सांगू त्यांना?" तिने आवाज बदलू दिला नाही. तोच सूर, तीच चाल. "त्या दिवशी मी गप्प बसले ना, ते 'नाही' नव्हतं रे. मी घाबरले होते. घाबरत घाबरत आले असते मी. तू थोडं थांबायला हवं होतंस. अजूनही म्हणालास तर या बसमध्ये चढेन, दवाखान्याची किल्ली माझ्याकडे आहे तरी चढेन. जाऊ नकोस. तू गेलास की मी बोलेन सगळ्यांशी, हसेनही, पण माझं बोलणं एवढा जीव लावून कुणी बघणार नाही. जाऊ नकोस."

तो डोळे मिटून उभा होता. त्याच्या कपाळावरची आठी, ती सदाची, काहीतरी पकडायला धडपडणारी आठी, नाहीशी झाली होती. इतकं निवांत तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

कंडक्टरने बसच्या पत्र्यावर थाप मारली. ती त्याला पायांतून कळली असावी. त्याने डोळे उघडले.

"शब्द एकही हाती लागला नाही," तो म्हणाला. "पण ऐकलं. सगळं." मग विचारलं, "काय सांगत होतीस?"

धाकटी त्याच्या निवांत चेहऱ्याकडे बघत राहिली. सांगितलं असतं तर तो थांबला असता, घाबरलेल्या तिला बरोबर नेलं नसतं. आणि थांबला असता म्हणजे पुन्हा ती शाळा, तो हॉल, ती मान डोलावणं.

"आजची प्रॅक्टिस," ती समोर बघून, सावकाश म्हणाली.

"चांगली आहे?"

"बरी आहे. शेवटी जरा फसली."

"शेवटी काही ठरवायचं नसतं," तो म्हणाला. "शेवटी त्यांना खेळू द्यायचं."

तिने मान डोलावली. त्याने एकदा तिच्या गालाला हात लावला, ओल्या गालाला, आणि बसमध्ये चढला.

संध्याकाळी तिने मुलींना खूप वेळ खेळू दिलं. खेळाच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग धाकटीकडे पाहिलं, आणि शिट्टी खिशात ठेवली.

घरी आली तेव्हा थोरलीने ताट वाढून ठेवलं होतं. "गेले?"

"गेला."

थोरलीने पाण्याचा ग्लास तिच्याजवळ सरकवला. "मनातलं सांगितलंस का त्याला?"

"सांगितलं."

"मग?"

धाकटीने ग्लास उचलला.

"ऐकलं त्याने," ती म्हणाली.